करोनाच्या लाटेत कर्करोगाचे उपचार: थांबणे धोक्याचे, सांभाळून जाणे शक्य

मुंबईत ६ जानेवारी २०२२ रोजी एकाच दिवसात २० हजारांहून अधिक करोनाबाधित आढळले. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरातही शहराने हा आकडा पाहिला नव्हता. ओमायक्रॉनची ती लाट बहुतेकांना दोन-चार दिवसांच्या सर्दी-तापावर सोडत होती, रुग्णालयांतल्या बऱ्याच खाटा रिकाम्या होत्या, म्हणून सगळीकडे काहीसा दिलासा होता. मात्र तो दिलासा सर्वांना सारखा लागू होत नव्हता. ज्यांची केमोथेरपी सुरू होती, ज्यांची शस्त्रक्रिया ठरली होती किंवा ज्यांना रेडिएशनसाठी रोज रुग्णालयात जावे लागत होते, त्यांच्या घरात तेव्हा एकच प्रश्न होता: या आठवड्याची तारीख पाळायची की लाट ओसरेपर्यंत थांबायचे?

देशात दरवर्षी कर्करोगाचे १३ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. त्यामुळे हा प्रश्न मूठभरांचा नव्हता. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी तेव्हा अंदाजाची गरज नव्हती. साथीच्या पहिल्या दोन वर्षांत त्याविषयी बरीच माहिती हाती आली होती.

उपचार थांबले तेव्हा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेकांनी ‘थांबू या’ हाच निर्णय घेतला, किंवा परिस्थितीने तो घ्यायला लावला. गाड्या बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद, काही रुग्णालये फक्त करोनासाठी राखीव. देशभरातील कर्करोग केंद्रांचे जाळे असलेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मधील ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ च्या त्याच महिन्यांशी केली. हा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, तर बाह्यरुग्ण विभागात दिली जाणारी केमोथेरपी ३७ टक्क्यांनी कमी झाली होती. रेडिएशनची घट तुलनेने कमी, २३ टक्के होती. छोट्या शहरांपेक्षा महानगरांतील केंद्रांना फटका जास्त बसला.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. कर्करोग होणाऱ्यांची संख्या त्या तीन महिन्यांत निम्म्यावर आली नव्हती. तो ओळखला जाणे आणि त्यावर उपचार होणे लांबले होते. लांबण्याची किंमत काय, हे नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका विश्लेषणाने दाखवून दिले. सात प्रकारच्या कर्करोगांवरील ३४ अभ्यास आणि सुमारे १२ लाख ७० हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिले असता, शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. काही रेडिएशन आणि औषधोपचारांच्या बाबतीत ही वाढ त्याहून जास्त होती. उशीर दोन-तीन महिन्यांवर गेला की धोका चढत जातो.

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात करोना आहे, तर दुसऱ्या पारड्यात वाढत जाणारी गाठ. घरात बसून पहिले पारडे हलके होते, पण दुसरे जड होत राहते.

धोका सर्वांना सारखा नाही

करोनाने कर्करोगाच्या रुग्णांना जास्त त्रास होतो, हे पहिल्यांदा चीनमधून कळले. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका अहवालात १,५९० बाधितांपैकी १८ जणांना कर्करोग होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. त्यांच्यापैकी ३९ टक्के जणांची प्रकृती गंभीर झाली. इतर बाधितांत हे प्रमाण ८ टक्के होते. १८ हा आकडा लहान, पण जगभर भीती पसरायला तेवढा पुरला. अनेक ठिकाणी केमोथेरपी पुढे ढकलली गेली.

त्यानंतर काही महिन्यांतच ब्रिटनमधून कर्करोग असलेल्या ८०० करोनाबाधितांचा अभ्यास आला. त्यांपैकी २२६ जण दगावले. प्रमाण मोठेच होते. पण कोण दगावले, याचा शोध घेतला तेव्हा वय, पुरुष असणे, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार ही कारणे ठळक दिसली. आधीच्या चार आठवड्यांत केमोथेरपी घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत, वय व इतर आजार विचारात घेतल्यावर, मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. केमोथेरपी सरसकट बंद करण्याच्या धोरणाला या अभ्यासाने आधार दिला नाही.

याचा अर्थ सर्व रुग्ण सारखेच सुरक्षित आहेत असा नाही. रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा आणि मायलोमा असलेल्यांची रोगप्रतिकारक यंत्रणाच आजारी असते. बोन मॅरो प्रत्यारोपण झालेले आणि ‘बी’ पेशी नष्ट करणारी रिटुक्सिमॅबसारखी औषधे घेणारे रुग्णही अधिक जोखमीच्या गटात येतात. दुसरीकडे, पाच वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण करून बरी झालेली स्त्री त्या गटात बसत नाही. म्हणून ‘कॅन्सर पेशंटने काय करावे’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोणता कर्करोग, कोणता उपचार आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहावे लागते. एखादे चक्र पुढे ढकलायचे का, हा निर्णय त्या आधारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. काही संथ वाढणाऱ्या कर्करोगांत थोडे थांबणे चालते. ल्युकेमियासारख्या वेगाने वाढणाऱ्या आजारात चालत नाही.

पांढऱ्या पेशींचे वेळापत्रक

केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तसेच हाडांच्या मगजात सतत तयार होणाऱ्या रक्तपेशीही. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पहिली फळी. तिचे आयुष्य थोडके असते, त्यामुळे नवी भरती थांबली की फळी लगेच विरळ होते. बहुतेक औषधांत सलाइननंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास ही संख्या सर्वात खाली जाते आणि मग हळूहळू सावरते.

हे वेळापत्रक घरात माहीत असणे ही अर्धी सुरक्षितता आहे. चक्राची तारीख कॅलेंडरवर लिहून तिच्यापुढचा दुसरा आठवडा खुणेने वेगळा करावा. पाहुण्यांना बोलावणे, दात काढणे, केस कापायला जाणे, लग्नाची हजेरी यांपैकी काहीही त्या आठवड्यात नको. डॉक्टरांनी पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते सांगितलेल्या दिवशीच घ्यावे. ते केमोथेरपी संपल्यावर साधारण २४ तासांनी सुरू होते. घाई करून आधी घेतल्याने फायदा होत नाही.

या काळात शत्रू फक्त करोना नसतो. तोंडातले, आतड्यातले आणि त्वचेवरचे नेहमीचे जंतूही संधी साधतात. म्हणून उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, घरी धुऊन सोललेली फळे, मऊ ब्रश आणि दिवसातून अनेकदा चुळा या साध्या गोष्टींना औषधाइतकेच महत्त्व आहे. कच्ची मोड आलेली कडधान्ये, बाहेरची कापलेली फळे, उसाचा रस आणि रस्त्यावरची चटणी टाळलेली बरी. हाताला पिक लाइन किंवा छातीला पोर्ट बसवले असेल, तर त्याची पट्टी प्रशिक्षित हातानेच आणि ठरलेल्या दिवशी बदलावी.

ताप आला की घड्याळ सुरू होते

करोनाच्या काळात ताप आला की पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहायची, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णासाठी हीच सवय घातक ठरू शकते. न्यूट्रोफिल कमी असताना आलेला ताप हा जंतुसंसर्ग रक्तात पसरत असल्याचा पहिला आणि कधी कधी एकमेव इशारा असतो. खोकला नसेल, पू नसेल, कुठे सूज नसेल. कारण पू तयार करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. अशा वेळी पहिल्या काही तासांत शिरेतून अँटिबायोटिक मिळणे जीव वाचवणारे असते.

म्हणून थर्मामीटर घरात हवाच. १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, थंडी वाजून येणे, श्वास लागणे, लघवी कमी होणे किंवा ग्लानी यांपैकी काहीही झाले, तर रात्र असली तरी फोन आणि मग रुग्णालय. पॅरासिटामॉलने ताप उतरवला तर इशारा झाकला जातो. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड सुरू असेल तर ताप मुळातच कमी दिसू शकतो, त्यामुळे ‘ताप नाही, पण बरे वाटत नाही’ ही तक्रारही गंभीरपणे घ्यावी.

साथीच्या काळात इथे एक प्रत्यक्ष अडचण असे. ताप असलेल्या रुग्णाला अनेक ठिकाणी आधी करोना चाचणी करायला सांगत आणि अहवाल येईपर्यंत दारात थांबवत. नातेवाइकांनी पहिल्याच वाक्यात ‘केमो सुरू आहे, शेवटचे सलाइन अमुक तारखेला झाले’ असे सांगावे. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. चाचणी आणि अँटिबायोटिक दोन्ही एकाच वेळी सुरू होऊ शकतात. एकासाठी दुसरे थांबण्याचे कारण नाही.

रुग्णालयाची वाट

संसर्ग रुग्णालयात जास्त की बाहेर? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने टाळेबंदीतही काम चालू ठेवले. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे ४९४ नियोजित कर्करोग शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर सहा रुग्ण करोनाबाधित आढळले, पण शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. या यशाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: त्या रुग्णांत साठीपुढचे १३ टक्केच होते, म्हणजे बहुतेक जण तुलनेने तरुण होते. तरीही काळजी घेतली तर मोठ्या शस्त्रक्रियाही साथीत करता येतात, एवढे त्यातून दिसले.

साथीच्या काळात रुग्णालयात मास्क, अंतर, चाचणी यांची काही शिस्त असे. तिथे पोहोचण्याच्या वाटेवर आणि मुक्कामाच्या जागी ती नसे. टाटात येणारा रुग्ण विदर्भातला, कोकणातला, तसाच बिहार-बंगालमधलाही असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा अपुऱ्या पडतात आणि कित्येक कुटुंबे परळच्या पदपथावर राहतात. अशा ठिकाणी विलगीकरणाचे नियम कागदावरच राहिले. जून २०२१ मध्ये टाटाच्या रुग्णांसाठी म्हाडाच्या १०० सदनिका देण्याचा निर्णय स्थानिकांच्या विरोधानंतर स्थगित झाला आणि मग बॉम्बे डाइंगच्या जागेतील १०० सदनिकांचा पर्याय पुढे आला. रुग्णांच्या निवाऱ्याकडे दयेचा विषय म्हणून पाहिले जाते. साथीच्या काळात तो संसर्ग रोखण्याचाच भाग असतो.

जितके हेलपाटे कमी, तितका धोका कमी. त्यासाठी विज्ञानाने काही वाटा मोकळ्या केल्या आहेत. ब्रिटनमधील ‘फास्ट फॉरवर्ड’ चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२० मध्ये आले. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा रेडिएशन देण्याऐवजी एका आठवड्यात पाच वेळा दिले तरी पाच वर्षांनंतरचे परिणाम तितकेच चांगले होते. डोके आणि मानेच्या पसरलेल्या कर्करोगात टाटा मेमोरियलनेच केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणारे रुग्ण सिस्प्लॅटिनचे सलाइन घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक जगले. गोळ्या घरी घेता येतात. हे पर्याय प्रत्येकाला लागू नाहीत, पण ‘माझे हेलपाटे कमी करता येतील का’ हा प्रश्न प्रत्येकाने डॉक्टरांना विचारावा. फॉलो-अपची भेट फोनवर, रक्ताच्या चाचण्या गावातल्या प्रयोगशाळेत आणि केमोथेरपी जवळच्या कर्करोग केंद्रात होऊ शकते का, हेही.

जावे लागलेच तर एन-९५ मास्क घट्ट बसणारा हवा. तोंडाच्या कर्करोगानंतर ज्यांचा जबडा उघडत नाही, नाकातून नळी आहे किंवा गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी आहे, त्यांना नेहमीचा मास्क पुरत नाही. गळ्यावरच्या छिद्रावरही आच्छादन लागते आणि सोबतच्या माणसाचा मास्क तितकाच महत्त्वाचा ठरतो. सोबत एकच माणूस असावा आणि तो शक्यतो दरवेळी तोच असावा. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. गर्दीच्या डब्यापेक्षा तो बरा.

दहा बाय दहाची खोली

‘रुग्णासाठी स्वतंत्र खोली ठेवा’ हा सल्ला अनेक घरांत निरुपयोगी असतो. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर वेगळेपणा जागेत मिळत नाही. तो मग माणसांच्या वागण्यातून मिळवावा लागतो. घरातल्या प्रत्येक पात्र व्यक्तीचे दोन्ही डोस झालेले असणे हे रुग्णाभोवतीचे पहिले कुंपण. कामावरून आलेल्याने हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच जवळ जावे. कोणाला साधी सर्दी असली तरी घरात मास्क लावावा. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, झोपताना पाय एकमेकांकडे आणि डोकी दूर ठेवावीत. घरी करता येणारे चाचणी संच आता औषधांच्या दुकानात मिळतात. लक्षणे असलेल्याने चाचणी केली की कोण कोणापासून दूर राहायचे ते लवकर ठरवता येते.

लशीची साठची रेघ

कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींत शरीरात वाढू शकणारा जिवंत विषाणू नाही. त्यामुळे केमोथेरपीच्या रुग्णाला लशीतून करोना होण्याची भीती निराधार आहे. प्रश्न वेगळा आहे: लस त्यांच्यात किती काम करते? लंडनमधील एका अभ्यासात फायझरच्या पहिल्या डोसनंतर तीन आठवड्यांनी निरोगी व्यक्तींपैकी ९४ टक्के जणांत प्रतिपिंडे आढळली. गाठींच्या कर्करोगात हे प्रमाण ३८ टक्के होते, तर रक्ताच्या कर्करोगात अवघे १८ टक्के. गाठींच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना तीन आठवड्यांनी दुसरा डोस मिळाला, त्यांच्यात प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. म्हणजे या रुग्णांना डोस लवकर आणि पुरेसे मिळणे इतरांपेक्षा जास्त गरजेचे आहे.

हे ओळखूनच अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना अतिरिक्त डोस देण्यास परवानगी दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने ऑक्टोबरमध्ये तशीच शिफारस केली. भारतात १० जानेवारी २०२२ पासून ‘प्रिकॉशन’ डोस सुरू झाला. सुरुवातीला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे नागरिक यांना, दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवड्यांनी मिळत होता. ४८ वर्षांचा ल्युकेमियाचा रुग्ण त्यात कुठेच नव्हता.

ही रेघ सरकारच्याच आधीच्या भूमिकेशी जुळत नव्हती. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या लोकांना लस देताना जी २० सहव्याधींची यादी केली होती, तिच्यात कर्करोगाचे उपचार घेणारे होते. भारतात तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग चाळिशी-पन्नाशीत आढळणे नेहमीचे आहे. वयाची अट वृद्धांना वाचवत होती, पण उपचारांखालच्या तरुणांना रांगेबाहेर ठेवत होती. १५ वर्षांखालील कर्करोगग्रस्त मुलांसाठी तर तेव्हा पहिलाच डोस नव्हता. त्यांचे संरक्षण संपूर्णपणे घरच्यांच्या लसीकरणावर अवलंबून होते.

बाधा झालीच तर

जानेवारी २०२२ मध्ये सर्वसाधारण बाधितांसाठी गृह विलगीकरण सात दिवसांवर आले होते. कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांसाठी मात्र केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाच सांगत होत्या की डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय त्यांना घरी ठेवू नये. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत विषाणू आठवडेच्या आठवडे राहू शकतो. अमेरिकेतील ल्युकेमियाच्या एका वृद्ध रुग्ण स्त्रीच्या शरीरात कोणतीही लक्षणे नसताना ७० दिवसांपर्यंत संसर्गक्षम विषाणू सापडला होता. त्यामुळे पुढचे चक्र कधी घ्यायचे, हे सात दिवस मोजून ठरवता येत नाही. शेजाऱ्याला दिलेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने घेणे तर पूर्णपणे टाळावे. दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने त्याची किंमत दाखवली आहे. दुसऱ्या लाटेत वापरलेले अँटिबॉडी कॉकटेलही ओमायक्रॉनवर चालत नसल्याचे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसले आहे, त्यामुळे महागड्या इंजेक्शनमागे धावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

रुग्ण आणि घरच्यांनी पाळायच्या गोष्टी तशा साध्या आहेत: तारीख स्वतःहून चुकवू नये, ताप दडवू नये, घरातल्या सर्वांनी लस घ्यावी आणि गर्दीतले हेलपाटे कमी करावेत. पण एवढ्यावर भागत नव्हते. प्रिकॉशन डोसची साठची अट उपचारांखालील रुग्णांसाठी काढणे, ताप आलेल्या केमो-रुग्णाला तपासणीच्या दारात न अडवण्याची व्यवस्था करणे, जिल्ह्याच्या ठिकाणी सलाइनची सोय वाढवणे आणि दूरवरून आलेल्यांना निवारा देणे ही कामे सरकारची आणि पालिकांची होती. पहिल्या लाटेत उपचार थांबले, कारण कोणालाच काही माहीत नव्हते. तिसऱ्या लाटेत ते थांबले असते तर तेवढे कारण पुरले नसते.